निरोप आणणारीचा उतारा

आधीच सांगून टाकते. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण ते विश्वास ठेवून नव्हे... चहाबरोबर काहीतरी लागतं म्हणून. पांढऱ्या साडीतली बाई हायवेवर लिफ्ट मागते आणि आरशात दिसत नाही, असं वाचलं की मला आमचा जळगाव-धुळे रस्ता आठवतो. त्याचं काम चालू होतं तेव्हा धुळीत जिवंत माणसंसुद्धा आरशात दिसत नव्हती. त्यामुळे भुताखेतांच्या बाबतीत माझं मत ठरलेलं होतं, आणि ते बदललंय असं मी आजही म्हणणार नाही. फक्त एक गोष्ट घडली आहे. ती कुठल्या खणात ठेवायची ते मला कळत नाही, म्हणून इथे आणून ठेवते.

मी भूलतज्ज्ञ आहे. लोकांना झोपवणं हा माझा व्यवसाय. समारंभात भाषणं करणाऱ्यांनाही तो जमतो, पण मला माणूस परत जागा करावा लागतो. माहेर एरंडोल. वडील तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सध्या मी जळगावातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात काम करते. नाव सांगत नाही. सांगितलं तर आमचे संचालक या लेखाचंही उद्घाटन करतील.

उद्घाटनावरूनच सुरुवात करायला हवी. आमच्या कॅज्युअल्टीला कुणीतरी व्हीआर हेडसेट देणगी दिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाणबुड्यांचा असतो तसा जाड, डोळे पूर्ण झाकणारा चष्मा. तो घातला की समोरची भिंत, सलाइनचा स्टँड, डॉक्टर – सगळं नाहीसं होतं आणि तुम्ही समुद्राच्या तळाशी उभे असता. मान वळवाल तसा समुद्र वळतो. मागे वळून पाहिलं तर मागेही समुद्रच. टाके घालताना, हाड बसवताना, भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग बदलताना रुग्णाला तो घालतात, म्हणजे दुखणं कमी जाणवतं.

तर या चष्म्याला हार घातला. त्याच्यापुढे नारळ फोडला. कुणीतरी त्याला कुंकूही लावलं, आणि काचेवरचं ते कुंकू वैशाली सिस्टर नंतर कापसानं पुसत बसली. प्रमुख पाहुण्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तो काढायच्या आधीच माइक मागितला. दिशा चुकली. श्रोत्यांकडे पाठ करून ते भिंतीला म्हणाले, "विज्ञानाने किती प्रगती केली आहे!" टाळ्या पाठीमागून आल्या तेव्हा ते दचकले. त्या दिवसाचा मोठा बॅनर कॅज्युअल्टीच्या भिंतीवर अजून आहे. त्यावर सगळ्या पाहुण्यांचे फोटो आहेत; चष्म्याचा नाही.

पण वस्तू कामाची निघाली, हे कबूल करते. दुखण्याला लक्ष लागतं. मेंदूचं लक्ष दुसरीकडे गुंतवलं की दुखणं दारात उभं राहतं, आत येत नाही. यात चमत्कार काही नाही. दालमिलमधला एक माणूस तळहात फाटून आला होता. चष्मा घालून समुद्रात होता आणि मी सुई टोचणार तेवढ्यात म्हणाला, "मॅडम, जरा थांबा, एवढा मासा जाऊ द्या." मी थांबले. मासा गेला असावा, कारण मग तो म्हणाला, "हां, आता घाला." टाके घातले. तो हसत होता. माझी इतक्या वर्षांची नोकरी, पण टाके घालून घेताना हसणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी स्वतः मात्र तो समुद्र कधी पूर्ण पाहिला नाही. सुरुवातीला पिवळ्या माशांचा थवा अंगावर येतो, तिथेच मला गरगरायला लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मे महिना, दुपारची वेळ. जळगावचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून उपयोग नाही. एरंडोलकडून एक मुलगी आली, आठ-नऊ वर्षांची, जान्हवी. पद्मालयाच्या बाजूच्या टेकड्यांजवळचं गाव. गोवऱ्या काढताना डाव्या पायाला, घोट्याच्या खाली, विंचू चावला होता. लाल विंचू. आई-वडील सुरतेला कामाला. मुलगी आत्याजवळ राहते. खानदेशात आत्याला फुई म्हणतात. ही शोभाफुई – चाळिशीची, उन्हानं रापलेली, पोरीला कडेवर घेऊन गावाच्या फाट्यापर्यंत पळत आलेली.

"डाक्टरबाई, पोरले इचू चावना," एवढंच ती म्हणाली. बाकीचं पोरीकडे पाहूनच कळत होतं.

शहरी वाचकांना विंचू म्हणजे किरकोळ वाटेल. मोठ्या माणसाची बरेचदा नुसत्या वेदनेवर सुटका होते. लहान मुलाचं तसं नसतं. विष हृदयाला गाठतं. पोरगी घामानं न्हाली होती, हात-पाय बर्फासारखे थंड, नाडी मोजता येऊ नये इतकी वेगात, आणि सारख्या उलट्या. ओरडत तर अशी होती की शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला म्हातारा स्वतःचं दुखणं विसरून उठून बसला.

आता अडचण समजून घ्या. हृदयाला वाचवणारं जे औषध आहे, ती साधी गोळी आहे. पोटातून घ्यायची. पोटात टिकली पाहिजे. एक दिली – उलटून पडली. उलटीवरचं इंजेक्शन दिलं, दुसरी गोळी दिली – तीही गेली. ती हात-पाय झाडत होती, सलाइनची सुई एकदा उपसून काढली होती. घोट्याभोवती बधिर करायचं इंजेक्शन मी स्वतः दिलं. विशेष फरक नाही. मग पूर्ण भूलच का दिली नाही, असं कुणी विचारेल. कारण उलट्या होणारी, छातीत पाणी भरायच्या बेतात असलेली मुलगी मी झोपवू शकले असते, पण परत जागी करू शकले असते का, याची मला खात्री नव्हती.

थोडक्यात, पोरगी काही वेळ शांत पडली असती आणि गोळी पोटात राहिली असती, तर ती वाचणार होती. आणि ती शांत पडत नव्हती.

वैशाली सिस्टर म्हणाली, "बाई, चष्मा लावून बघू का?"

मी म्हटलं, लाव. तिनं कपाटातून चष्मा आणला, बटण दाबलं, पोरीच्या डोक्याकडे नेला. पोरीनं एका फटक्यात उडवून लावला. बरोबरच होतं तिचं. उलटी करणाऱ्या पोरीच्या तोंडावर कुणी असली पेटी बांधतं का? सिस्टरनं तो वरच्यावर झेलला आणि वैतागून तिच्या फुईला म्हणाली, "हे घातलं की दुखणं कळत नाही हो! सांगा ना तिला!"

शोभाबाईनं चष्मा हातात घेतला. एकदा उलटसुलट पाहिला, पदर नीट केला आणि तो स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

मी ओरडले. "अहो, तुम्हाला नाही! तिला लावायचाय!"

"आमनाकडे निरोप आननाराले देतस उतारा," ती म्हणाली. अगदी शांतपणे, जणू नियम मला माहीत असायला हवा होता.

तो मला माहीतच होता. मी एरंडोलची. आमच्या भागात विंचू उतरवणारे असत, तेव्हा ज्याला चावला त्याला उचलून न्यायची गरज नसायची. कुणीतरी पळत जाऊन निरोप द्यायचा – अमक्याला विंचू चावला. उतरवणारा त्या निरोप आणणाऱ्यालाच समोर बसवायचा, कडुलिंबाच्या डहाळीनं झाडायचा, पाणी पाजायचा. तिकडे घरी पडलेल्याचं दुखणं थांबायचं. निरोप्या म्हणजे नुसती वाट. दुखणं त्याच्यातून पलीकडे काढून घ्यायचं. माझे वडील शाळेत याची टर उडवायचे. "निरोप्याला जायला-यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात विंचवाचं दुखणं आपोआप उतरतं. उपचार करतो तो रस्ता!" मुलं हसायची. मीही.

"आमना बाबा वारी गया," शोभाबाई चष्म्याआडून म्हणाली. "आते हाऊच उतारा." बाबा म्हणजे त्यांच्या गावचा उतरवणारा. तो मेला होता, आता जे काय आहे ते हेच.

तिला चष्मा काढायला लावायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी म्हटलं, बसा तिकडे कोपऱ्यात. ती स्टुलावर बसली, भिंतीकडे तोंड करून, हात मांडीवर. पोरीच्या खाटेकडे तिची पाठ होती.

आणि पोरगी ओरडायची थांबली.

हळूहळू नाही. नळ बंद केल्यासारखी. मी आधी घाबरले. आमच्या कामात अशी शांतता चांगली नसते. पण ती शुद्धीत होती. डोळे उघडे. छताकडे नाही, कुठेतरी मधेच पाहत होती. मी गोळी पुढे केली, तिनं घेतली. पाण्याचा घोट. गिळली. आम्ही दोघी उलटीची वाट पाहत उभ्या. उलटी आली नाही.

"बठ्ठं पानी निळं शे," पोरगी म्हणाली. बठ्ठं म्हणजे सगळं.

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बोलू दे तिला."

मॉनिटरवरचा नाडीचा आकडा खाली यायला लागला. मी सलाइनची सुई पुन्हा लावली. तिनं हात काढून घेतला नाही. विंचवाची लस सुरू केली. छाती ऐकली. मधे मधे ती काहीतरी पुटपुटत होती, मासा, पिवळा, असं. मी मनातल्या मनात हिशोब लावत होते – इंजेक्शननं पाय बधिर झाला असणार, थोडा उशिरा. पोरीनं चष्म्याबद्दल कुणाकडून ऐकलं असणार. मनाला बहाणा मिळाला असणार.

मग ती एकदम म्हणाली, "फुई, मांगे देख!"

शोभाबाईनं मान डावीकडे वळवली.

"तठे नको. मांगे! कासव ई ऱ्हायनं!"

शोभाबाई स्टुलावरच पूर्ण वळली. आता तिचं तोंड आमच्याकडे होतं, म्हणजे त्या काळ्या पेटीचं.

"उडी ऱ्हायनं," पोरगी हसली. हो, हसली. "फुई, कासव उडी ऱ्हायनं!"

पाय मोडलेला म्हातारा म्हणाला, "कासव कुठं उडतं का गं, बाय?"

"हाऊ उडस," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. झोप लागली. साधी झोप.

नंतर तिला आयसीयूत हलवलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, हृदय ठीक चाललंय म्हणाले. संकट टळलं नव्हतं, पण आता ते आटोक्यात होतं. मी कॅज्युअल्टीत परत आले तर शोभाबाई अजून स्टुलावर तशीच. चष्मा घालून. कुणी काढायला सांगितलं नव्हतं, म्हणून.

वैशालीनं तो तिच्या डोक्यावरून उतरवला. केस घामानं चिकटले होते. "पोर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बरी आहे, झोपली. तिनं हात जोडले. मला नाही, चष्म्याला.

सिस्टर चष्मा हातात घेऊन उभी होती. तिचा चेहरा विचित्र झाला. "बाई... हा बंद आहे."

"आत्ता झाला असेल."

"नाही हो. बॅटरी चार्जच नाहीये याची. चार्जर साहेबांच्या कपाटात." हे साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. आधीचा एक चार्जर कुणीतरी मोबाइलला लावायला पळवला, तेव्हापासून नवा चार्जर त्यांच्या कुलपात असतो, आणि साहेब मुलीच्या लग्नाच्या रजेवर. "मी बटण दाबलं, पण दिवा लागला की नाही ते बघितलंच नाही. पोरगी एवढी ओरडत होती..."

मी शोभाबाईला विचारलं, "तुम्हाला आत काय दिसलं?"

"काहीच नई. बठ्ठा अंधार व्हता."

"सुरुवातीपासून?"

"हो ना. पोर सांगे तशी मी मान फिरावत व्हतू." मग जरा काळजीनं, "तसंच ऱ्हास ना?"

मी म्हटलं, हो, तसंच असतं. दुसरं काय म्हणणार?

साहेब लग्नाहून परत आल्यावर मी चार्जर मागितला. "विशेष काही?" ते म्हणाले. मी म्हटलं, "दुरुस्ती." चष्मा चार्ज करून, माझ्या खोलीचं दार लावून, फिरत्या खुर्चीवर बसून मी तो समुद्र पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. पिवळे मासे आले. गरगरलं, तरी पाहत राहिले. निळं पाणी, प्रवाळ, रेती. कासव कुठेच नाही. बरं वाटलं, खरं सांगते. काढणार इतक्यात मला आठवलं आणि मी खुर्ची मागे फिरवली.

ते मागून येतं. मोठं, डोक्यावरून जातं, पुढचे दोन पाय पंखांसारखे हलवत. समुद्री कासव पोहतं ते तसंच. पण ज्या मुलीनं कासव फक्त देवळासमोरच्या दगडात आणि विहिरीत पाहिलंय, ती त्याला उडणंच म्हणेल.

तुमच्या मनात येणारे सगळे प्रश्न माझ्याही मनात आले. पोरीनं हे आधी कुठे पाहिलं का? मी तिला नंतर विचारलं. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं, फक्त "थंड वाटत व्हतं". थंडी हे विंचवाच्या विषाचंच लक्षण, त्यात पुरावा नाही. आम्ही कुणी कासवाबद्दल बोललो का? मला ते माहीतच नव्हतं. वैशालीला विचारलं, तर तिलाही नाही. रुग्ण समोर पाहतो, मागे कोण बघतं? बॅनरवर समुद्र नाही, नुसते पाहुणे, हे वर सांगितलंच. बॅटरी मधेच संपली असेल आणि शोभाबाईनं घाबरून आधीपासून डोळे मिटले असतील... शक्य आहे. पण तिनं पाहिलं असं धरलं, तरी पोरीला कसं दिसलं? फुईची पाठ पोरीकडे होती. आणि मागचं कासव तर फुईच्याही आधी पोरीला दिसलं.

इथे थांबले असते तर हा या सदरातला एक बरा अनुभव झाला असता. पण अजून थोडं आहे, आणि मी लिहायला बसले ते त्याच्यासाठी.

जान्हवीला घरी सोडायचा दिवस. आई-वडील सुरतेहून आले होते. पोरगी व्हरांड्यात धावत होती, वॉर्डबॉयच्या पेनाचं टोपण पळवून झालं होतं. शोभाबाई जिन्याजवळ कठड्याला धरून उभी होती. तिनं मला खुणेनं बाजूला बोलावलं.

"ताई, एक इचारू का? पोरना पाय बरा व्हयना. मना कवय व्हई?" पोरीचा पाय बरा झाला, माझा कधी होईल, असं ती विचारत होती.

मला आधी कळलंच नाही. मग पाहिलं, की ती डावा पाय टेकवत नव्हती.

खोलीत नेऊन पाय पाहिला. घोट्याच्या खाली, तिनं एका बोटानं जागा दाखवली. पोरीला जिथे डंख होता तिथेच. तिथे काही नव्हतं. सूज नाही, लाली नाही, खूण नाही. मी हलकेच दाबलं तर तिनं पदर दातांत धरला. ओठावर घाम. नाडी पाहिली – भरधाव. माणूस दुखण्याचं नाटक करू शकतो, मी पुष्कळ पाहिलेत. पण नाडीला नाटक येत नाही.

"कधीपासून?"

"पोर गप पडनी तवयपासून."

"अहो, इतके दिवस? आणि बोलला नाहीत?"

तिनं दाराकडे पाहिलं. व्हरांड्यात पोरगी हसत होती. "पोर पुरी बरी होऊ दे म्हनू. मी काढाले लावतू आन ते परत पोरवर जातं तं?"

मी मनाच्या दुखण्याबद्दल सांगितलं. धक्का बसला की शरीर असं करतं, हे खोटं दुखणं नव्हे, पण पायातलंही नव्हे. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, मोठ्या माणसाचं ऐकावं तसं. मी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. वाट पाहिली. जागा बधिर झाली. टोचलेलं कळत नव्हतं तिला. ठणका तसाच.

"त्या यंत्रमा कोनी नव्हतं ना, ताई?" ती म्हणाली. "सिस्टर बोलनी व्हती, बंद शे. बाबा व्हता तो पुढे काढी दे. आठे काढनारं कोनीच नव्हतं, मंग मनापाशीच ऱ्हायनं."

मला हसू यायला हवं होतं. वडील असते तर त्यांनी नेमकी कुठे चूक आहे ते दाखवलं असतं. मी शोधत राहिले आणि मला एवढंच दिसलं, की ही बाई इतके दिवस त्या पायावर उभी राहून पोरीची वेणी घालत होती.

मी वैशालीला हाक मारली. चष्मा मागवला. दिवा लागलाय हे या वेळी मी स्वतः पाहिलं.

शोभाबाईनं तो हातात घेतला, पण घातला नाही. "पोरले फाटकबाहेर धाडा पहिले," ती म्हणाली. तिचा भाऊ, म्हणजे पोरीचा बाप, पोरीला घेऊन बाहेर रसवंतीवर गेला. "तिले सांगू नका. कोनलेच नका सांगू." मी म्हटलं, नाही सांगणार. इथे माणसांची नावं बदलली आहेत ती त्यासाठीच.

मग चष्म्याकडे बोट करून तिनं विचारलं, "आते तठे शे ना कोनी?"

माझ्या व्यवसायात रुग्णाला खोटी आशा देत नाहीत. आम्ही संमतीपत्रावरसुद्धा सगळे धोके छापतो. मी म्हटलं, "आहे."

तिनं चष्मा घातला. "अय माय... इतलं पानी!" एवढं मोठ्यानं म्हणाली की वैशालीनं दार लावलं. हात मांडीवर. पिवळे मासे आले असतील तेव्हा तिनं अंग चोरलं. मग बराच वेळ ती तशीच बसून होती आणि एकाएकी, कुणी न सांगता, मागे वळली. मान वर करत करत गेली, काहीतरी डोक्यावरून जात असावं तशी. तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलं नाही.

चष्मा तिनंच काढला. डावा पाय फरशीवर ठेवला. भार दिला. उठली.

"कसं वाटतंय?"

"बरं शे, ताई," ती म्हणाली. माझ्याकडे पाहून हसली. मी इतकी वर्षं रुग्णांचं हसू पाहते आहे. बरं वाटलेल्याचं कुठलं आणि डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून केलेलं कुठलं, हे मला ओळखता येतं असं मी समजत होते. मी खिडकीशी उभी राहिले. फाटकापर्यंत ती सरळ चालत गेली, लंगडली नाही. पण तिनं एकदा वळून वर पाहिलं होतं. मी खिडकीत आहे हे तिला माहीत होतं.

पुढच्या तपासणीला मी मुद्दाम कळवून ठेवलं होतं की पोरगी आली की मला बोलवा. तिला वडील घेऊन आले. फुई आली नव्हती. मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "शोभाबाई कशा आहेत? चालता येतं ना त्यांना नीट?"

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "तिले काय व्हयनं व्हतं, म्याडम?"

कधीतरी कुणी याचा उलगडा करील, मला तो आनंदानं ऐकायला आवडेल. एकेका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे आहे. सगळ्यांचं मिळून एक उत्तर नाही. आणि जो एकच प्रश्न विचारून – त्या डावा पाय टेकवतात का – निदान काहीतरी कळलं असतं, तो त्या क्षणी माझ्या तोंडाशी आला होता. पण जिला कळू द्यायचं नव्हतं ती पोरगीच आम्हा दोघांच्या मधे उभी होती, वर माझ्याकडे बघत, उत्तराची वाट पाहत.

"काही नाही," मी म्हटलं, आणि तिची छाती ऐकायला स्टेथोस्कोप कानांत घातला.

ठोके व्यवस्थित होते. मी जरुरीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिले.